खांब नसलेलं मैदान

“सोजर वाघमोडे, बाद!”

मैदानाच्या त्या टोकावरून ढोबळे गुरुजींनी हात वर केला आणि माझ्या शेजारी उभे असलेले रणवरे सर असे दचकले, की त्यांच्या हातातला चहा त्यांच्याच बुटावर सांडला.

“कोण बाद?”

“सोजर,” मी म्हणाले. “सलग दोनदा उशीर झाला. थांबवावं लागतं.”

“मॅडम, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? ही पोरगी पाठलागाला उतरली की समोरच्या संघाच्या तोंडचं पाणी पळतं. ती बाद, आणि त्या पुण्याच्या नाजूक बाहुल्या अजून पळतायत? काय थट्टा लावलीय का?”

मी यादीत तिच्या नावापुढे खूण केली. ध्वनिक्षेपकातून टूं आवाज येत होता आणि प्रत्येक टूंला उरलेल्या मुली समोरच्या रेषेवर पोचत होत्या. चाचणी चालू असताना भांडायचं नाही, एवढं मला कळत होतं. पण खरं सांगायचं तर मलाही धक्काच बसला होता.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, नाशिकहून आलेली, खेळाडूंच्या तंदुरुस्तीच्या चाचण्या घेणारी. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच आणि अंगात भरपूर हुशारी. करमाळ्याच्या एका कॉलेजच्या मैदानावर मुलींच्या खो-खोचं विभागीय निवड शिबिर होतं. त्या वर्षी पहिल्यांदाच नियम झाला होता, की धावण्याच्या चाचणीत जी ठरलेली पातळी गाठणार नाही, तिचं नाव संघाच्या यादीत जाणार नाही, मग ती खेळात कितीही भारी असो. चाचणी दिसायला साधी. वीस मीटरवर दोन रेषा. टूं वाजायच्या आत या रेषेवरून त्या रेषेवर पोचायचं, पुढच्या टूंला परत यायचं. दर मिनिटाला आवाज भराभर व्हायला लागतो. सलग दोनदा उशीर झाला, की तुम्ही बाद.

शिबिराचे प्रशिक्षक रणवरे सर या प्रकाराच्या ठाम विरोधात होते. “खेळाडू मैदानात कळतो, भोंग्यावर नाही,” असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. संघटनेचे अध्यक्ष नलवडे अण्णा मात्र चाचणीच्या बाजूने. चाचणी म्हणजे नेमकं काय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं, पण नवीन काही आलं की ते उद्घाटन करायला तयार असत.

त्या उद्घाटनानेच माझा घात केला. माझी आखणी चोख होती. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या मुलींना चाचणी समजावून सांगायची, सावकाश दोन-चार फेऱ्या मारून घ्यायच्या, म्हणजे शनिवारी कुणी गोंधळणार नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी अण्णांनी सत्कार ठेवला. पाहुण्यांचा सत्कार, पंचांचा सत्कार, मैदान दिलं म्हणून प्राचार्यांचा सत्कार, आणि शेवटी माझासुद्धा. एप्रिलच्या उकाड्यात अंगावर शाल, मांडीवर नारळ घेऊन मी व्यासपीठावर बसले होते आणि सरावाची वेळ डोळ्यांदेखत भाषणात विरघळत होती. मी दोनदा चिठ्ठी पाठवली. अण्णांनी ती वाचून मला हसून नमस्कार केला आणि पुन्हा बोलायला लागले.

शनिवारी तरी मी काही सोडलं नाही. चाचणी दुपारी ठेवली होती, ती हट्टाने ऊन उतरल्यावर घेतली. धूळ छातीत जाऊ नये म्हणून मैदानावर टँकरचं पाणी मारून घेतलं. प्रत्येक मुलीला जवळ बोलावून विचारलं, काय खाल्लंस, ताप आहे का, धावताना छातीत शीळ वाजते का, चक्कर येते का. एका मुलीचं अंग कोमट लागलं, तिला चाचणीतून बाजूला बसवलं. त्यावरूनही रणवरे सरांनी तोंड वाकडं केलं होतं. “एवढ्या तेवढ्यानं काय होतंय” हे त्यांचं लाडकं वाक्य होतं, आणि ते ऐकलं की माझं डोकं तडकायचं.

तर, सोजर बाद झाली.

पाठोपाठ बाकीच्याही एकेक करत थांबल्या. मी सोजरला शोधत गेले. कडुनिंबाच्या बुंध्याला हात टेकून ती उभी होती. सतरा वर्षांची, काटक, उन्हाने रापलेली पोर. कपाळावरून घामाच्या धारा चालल्या होत्या आणि श्वास काही केल्या खाली येत नव्हता. मी मनगट धरलं. नाडी धाडधाड उडत होती.

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. शेवटपर्यंत टिकलेल्या मुली जेवढ्या दमल्या होत्या, तेवढीच ही दमली होती. पण ही तर त्यांच्या कितीतरी आधी थांबली होती. मग एवढा दम आला कुठून?

पहिला विचार आला तो आजाराचा. मी तिला सावलीत बसवलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आतून छान लाल होती, म्हणजे रक्त कमी नव्हतं. छातीत दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, सगळं विचारलं. ती मानेनेच नाही म्हणत होती. थोड्या वेळात नाडीही छान उतरली. पोरगी ठणठणीत होती.

“मॅडम,” श्वास आल्यावर ती म्हणाली, “मंग माझं नाव न्हाई लागायचं?”

“या चाचणीवरून तरी नाही,” मी म्हणाले. खोटं बोलून काय उपयोग होता?

तिने मान खाली घातली आणि बोटाने मातीत रेघा ओढायला लागली. “माझा बा सोमवारी येनार हाय. आमची मेंढरं जेऊरापाशी बसल्याती. तिथनं वर निघायचं, पार लांब. बा म्हनला, संघात नाव लागलं तर ऱ्हा सरांच्या वसतिगृहात, शाळाबी शीक. न्हाई लागलं तर मेंढरामागं चल, आईला एकलीला व्हत न्हाई.” तिने माझ्याकडे पाहिलं. “मला कुनी मागं टाकत न्हाई वो मॅडम. मी आज जीव खाऊन पळाले. तरी ते टूं माझ्या आधीच वाजायचं. असं कसं झालं?”

 तिच्या त्या साध्या प्रश्नाने मला फार वाईट वाटलं. तो प्रश्न तिने मला विचारायचा नव्हता, मीच माझ्या चाचणीला विचारायचा होता.

मुली चहाला गेल्या. मी एकटीच शंकू गोळा करायला मैदानावर उतरले. प्रत्येक धावपट्टीच्या दोन्ही टोकांना, रेषेवर, एकेक लाल शंकू ठेवला होता. ऊन कलतं झालं होतं आणि पाणी मारलेल्या मातीत चाचणीतली सगळी पावलं स्वच्छ उमटली होती. पहिल्या पट्टीतला शंकू उचलला. पावलं सरळ रेषेपर्यंत आलेली, तिथे टाच रुतल्याचा खोल खड्डा आणि आल्या वाटेने परत. दुसऱ्या पट्टीत तेच. तिसरीत तेच.

सोजर कडेच्या पट्टीत होती. तिथला शंकू उचलायला वाकले आणि वाकलेलीच राहिले.

शंकूच्या भोवती माती गोल तुडवलेली होती. घाण्याच्या बैलाची वाट पडावी तशी. पावलं रेषा ओलांडून पलीकडे गेली होती, शंकूला पूर्ण वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत आली होती. मी धावत दुसऱ्या टोकाला गेले. तिथेही तसंच गोल रिंगण. गुडघे टेकून मी टेप लावला. बाकीच्या मुली एका फेरीत वीस मीटर धावत होत्या आणि ही पोर तेवढ्याच वेळात तेवीस. जसजसा वेग वाढला, तसतसा वळसाही रुंदावत गेला होता.

मी सगळ्या पट्ट्या पुन्हा नीट पाहिल्या. खेड्यातून आलेल्या आणखी दोन मुलींच्या पट्ट्यांतही असाच वळसा होता. त्या तर सोजरच्याही आधी बाद झाल्या होत्या.

ढोबळे गुरुजी खुर्च्या उचलत होते. ते खो-खोचे जुने पंच, म्हणून त्या टोकाच्या रेषेवर मी त्यांनाच उभं केलं होतं. या टोकाला मी होते, पण माझे डोळे घड्याळावर आणि यादीवर; कोण कशी फिरते ते मी पाहिलंच नव्हतं.

“गुरुजी, सोजर शंकूला वळसा घालून फिरत होती?”

“व्हय,” गुरुजी कौतुकाने म्हणाले. “काय सुंदर वळत होती! बाकीच्या पोरी निम्म्यातनंच माघारी फिरत होत्या. म्हटलं, ह्यांना कुणी शिकवलंय का नाही? मॅच असती तर एकेकीला फाउल दिला असता.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले, आणि मग तिथल्या तिथे मला हसू फुटलं. हसता हसता रडू येईल की काय असं वाटलं. खो-खोत पाठलाग करणारी एकदा एका दिशेला निघाली की मागे फिरू शकत नाही. परत यायचं तर खांबाला वळसा घालूनच. सोजरने लहानपणापासून दुसरं काही केलेलंच नव्हतं. समोर उभं काही दिसलं, की तिचे पाय आपोआप त्याच्या मागून जात होते. शहरातल्या मुलींनी ही चाचणी आपापल्या क्लबात आधी दिलेली होती, त्यांना ठाऊक होतं. सोजरला सांगायची वेळ अण्णांच्या सत्काराने खाल्ली होती. आणि रेषेवर उभा केलेला पंचही त्याच खेळात मुरलेला, त्याला त्यात वावगं काही दिसलंच नव्हतं.

संध्याकाळी कॉलेजच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो. मी सगळं सांगितलं. रणवरे सरांनी टेबलावर हात आपटला.

“बघा! मी पहिल्यापासून बोंबलतोय. फेकून द्या ती चाचणी. मी माझ्या डोळ्यांनी संघ निवडतो.”

“असं कसं?” अण्णा म्हणाले. “नियम म्हणजे नियम. निकाल लागला, विषय संपला. बाकीच्या पोरी पास झाल्यात, त्यांचं काय?”

“दोन्ही नाही,” मी म्हणाले. “चाचणी फेकायचीही नाही आणि हा निकालही धरायचा नाही. पुन्हा घ्यायची. सगळ्यांची.”

“सगळ्यांची?” आता दोघंही एका सुरात ओरडले. शिबिरात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं असावं.

“एकट्या सोजरची घेतली तर उद्या कुणीही म्हणेल, हिच्यासाठी वेगळी वागणूक. सगळ्यांना सारखं खाणं, सारखं मैदान, सारखी वेळ. नाहीतर त्या आकड्यांना अर्थ नाही.”

“आणि आज पास झालेली एखादी पुन्हा घेतल्यावर नापास झाली तर?” अण्णांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. पुण्याची केतकी आज जेमतेम तरली होती आणि सोजर बाद झाल्यामुळेच तिला संघातली शेवटची जागा मिळत होती.

“तर ते मी स्वतः तिला सांगेन,” मी म्हणाले. “पण या निकालावर मी सही करणार नाही.”

अण्णा भला माणूस. त्यांनी कपाळ चोळलं. “बरं बाई. यादी सोमवारी दुपारी पाठवायचीय. मग उद्या सकाळीच उरकून टाका.”

तेवढ्यात दारात सोजर उभी. ढोबळे गुरुजींच्या पोटात काही राहत नसे, त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं.

“मॅडम, उद्या कशाला? मी आत्ता पळते. अजून उजेड हाय.”

“बघा, पोरगी तयार आहे,” रणवरे सर उठलेच.

“बसा सर,” मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. “दोन तासांपूर्वी ही जीव तोडून धावलीय. आत्ता नाही आणि उद्याही नाही. उद्या सगळ्यांना विश्रांती. सोमवारी सकाळी, उन्हाच्या आत.”

“एवढ्या तेवढ्यानं काय होतंय?”

“काय होतं ते एकदा झाल्यावरच कळतं, सर. मग अण्णांनी सत्काराऐवजी शोकसभा घ्यायची का?”

बोलून गेले आणि मीच घाबरले.  मग अण्णाच खो खो हसायला लागले आणि म्हणाले, “रणवरे, ही बाई ऐकायची नाही. सोमवार.”

सोजर मात्र हसली नाही. सोमवारी बाप येणार होता आणि जिची तिला खात्री होती, ती एकच गोष्ट मी तिला करू देत नव्हते. ती तशीच निघून गेली. पाठमोरी सोजर पाहून मला वाटलं, ही मला कधीच माफ करणार नाही.

रविवारी सकाळी मी सगळ्यांना मैदानावर चालत फिरवलं. रेषेवर पाऊल टेकवायचं, आणि तिथूनच मागे. जे शुक्रवारी व्हायला हवं होतं, ते रविवारी झालं. वळसा घालणाऱ्या बाकीच्या दोघी पटकन शिकल्या. सोजरचे पाय मात्र ऐकेनात. चालताना जमायचं, जरा पळायला लागली की पाय वळसा घालायला जायचा.

“मागं फिरलं की शिट्टी वाजंल असं वाटतंया,” ती वैतागून म्हणाली.

“कुणी वाजवणार नाही.”

“मला ठाव हाय. माज्या पायास्नी ठाव न्हाई.”

मी बराच विचार केला. एका दिवसात मी तिचे पाय बदलू शकत नव्हते, आणि बदलायचेही कशाला? त्याच पायांवर रणवरे सर जीव टाकत होते. बदलायची होती ती चाचणी. मी सगळे शंकू पोत्यात भरून ऑफिसात ठेवून दिले आणि मैदानावर नुसत्या चुन्याच्या फक्कीने दोन पांढऱ्या रेषा आखल्या. वळसा घालायला काही उभंच नको. आवाजाचं यंत्र घड्याळाशी लावून तपासलं, अंतर पुन्हा मोजलं. ढोबळे गुरुजींना बजावलं, की इथे खो-खो विसरायचा, फक्त पाऊल रेषेला लागलं की नाही ते बघायचं.

“आणि कडेवरून कुणी ओरडायचं नाही,” मी सगळ्यांना सांगितलं. “ना शाबासकी, ना सूचना. एकीला ओरडून मदत केली तर दुसरीवर अन्याय.”

हे रणवरे सरांसाठी होतं. त्यांनी औषध गिळल्यासारखं तोंड केलं.

सोमवारी सकाळी हवा गार होती. मैदानावर तसंच पाणी मारून रेषा पुन्हा आखलेल्या. मुलींनी उजाडतानाच पोहे आणि केळं खाल्लं होतं, अंग मोकळं करून झालं होतं. चिठ्ठ्या टाकून पट्ट्या वाटल्या आणि नेमकी सोजरच्या शेजारी केतकी आली. ताप आलेली ती मुलगी आता बरी होती, तीही उभी राहिली.

पहिला टूं वाजणार इतक्यात फाटकातून एक माणूस आत आला. लाल फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. सोजरने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिचा बाप, बिरू वाघमोडे, ठरल्यापेक्षा लवकर आला होता. तो माझ्यापासून थोड्या अंतरावर काठी टेकून उभा राहिला.

चाचणी सुरू झाली. सुरुवातीला सगळं संथ. मुली जवळजवळ चालतच होत्या. सोजर रेषेवर पाऊल टेकवून व्यवस्थित फिरत होती.

“बाई,” बिरूने हळूच विचारलं, “ह्या पळत्यात कुटं?”

“त्या रेषेपर्यंत. आणि परत.”

“आन् परत कशाला?”

“पुन्हा जायला.”

 मेंढरं राखणाऱ्या माणसाला हे काही पटलं नसावं, पण तो सभ्य माणूस होता, त्याने मान डोलावली.

वेग वाढायला लागला. एकेक मुलगी बाजूला व्हायला लागली. सोजर शनिवारी जिथे बाद झाली होती, ती पातळी आली आणि सहज मागे पडली. मला टाळी वाजवावीशी वाटली. पण चेहरा दगडी ठेवणं माझं काम होतं. पात्रतेची पातळी आता फार लांब नव्हती.

आणि मग दम लागायला लागला तसे तिचे पाय बहकले. ढोबळे गुरुजींच्या टोकाला पोचताना ती रेषेवर टेकवून फिरण्याऐवजी पलीकडे गेली, आणि कुठेच नसलेल्या खांबाला वळसा घालून आली. टूं तिच्या आधी वाजला. गुरुजींनी एक बोट वर केलं. पहिली ताकीद. आता पुन्हा लगेच उशीर झाला, की संपलं.

रणवरे सरांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.  एक शब्द, फक्त “टेकव” एवढा एक शब्द, माझ्या जिभेवर आला होता. तो मी उच्चारला असता तर मीच आखलेलं सगळं मातीत गेलं असतं. ती माझ्या दिशेने येत होती, उशीर झालेली, डोळे विस्फारलेले, आणि मी नुसती बघत होते. आयुष्यात इतकी असहाय मी कधीच झाले नव्हते.

“टेकव आणि फिर!”

आवाज मैदानाच्या आतून आला. शेजारच्या पट्टीत धावणारी केतकी, स्वतःला धाप लागलेली, समोर बघतच ओरडली होती. “वळू नको सोजर, टेकव आणि फिर!”

सोजरचं पाऊल माझ्या पुढ्यातल्या रेषेवर असं आदळलं, की फक्कीचा पांढरा धुरळा उडाला. टूं वाजला. दोन्ही एकाच क्षणी. मग ती फिरली.

कडेच्या माणसांनी बोलायचं नाही, हा माझा नियम होता. धावणाऱ्यांनी एकमेकींशी बोलायचं नाही, असा नियम मी केला नव्हता, जगात कुणी केलेला नाही. केतकीने जिला हाक दिली, तिने पातळी गाठली तर शेवटची जागा केतकीच्या हातून जाणार होती, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर सोजर एकदाही चुकली नाही. टेकव, फिर. टेकव, फिर. पात्रतेची पातळी आली, गेली. केतकीनेही ती गाठली आणि चार फेऱ्यांनंतर ती हसत, खोकत बाजूला झाली. मी तिला लगेच बसू दिलं नाही, हळूहळू चालत राहा म्हणाले. एकेक करत सगळ्या बाहेर आल्या, आणि मैदानात एकटी सोजर उरली.

ती थांबेना. काही मिळवायचं उरलं नव्हतं, तरी ती धावत होती, आणि आता तर हसत होती. बाहेर आलेल्या मुली रेषेच्या कडेने उभ्या राहिल्या. तिला स्पर्धेत आता कुणी उरलंच नव्हतं, म्हणून मी रणवरे सरांकडे पाहून मान हलवली. त्यांचा बांध फुटला. “पळ गं माझ्या वाघिणी!” ते असे ओरडले, की रस्त्यावरचे लोक कंपाउंडवर चढून बघायला लागले. सगळं मैदान टाळ्यांनी दणाणून गेलं. ढोबळे गुरुजी पंच असूनही नाचत होते.

शेवटी टूं तिच्या पुढे गेला. एकदा, दोनदा. ती थांबली, सांगितल्याप्रमाणे मैदानाला चालत एक चक्कर मारली आणि माझ्यासमोर आली. शनिवारपासून ती माझ्याशी एकदाही हसली नव्हती.

“मॅडम,” ती म्हणाली, “ह्यो खेळ सोपा हाय. ह्यात कुनी हुलकावनी देत न्हाई.”

मी तिला जवळ ओढलं आणि दोघी पोट धरून हसलो. तिच्या नावापुढे मी आकडा लिहिला. विभागात एवढी पातळी त्या वर्षी कुणीच गाठली नाही. केतकी राखीव खेळाडूंत गेली. मी तिला ते सांगायला गेले तर तीच मला म्हणाली, “ताई, मला दिसत होतं ती का चुकतेय. गप्प कशी राहणार?” पुढे दोन वर्षांनी ती सोजरच्याच शेजारी संघात बसली, पण त्या सकाळी तिला ते माहीत नव्हतं.

बिरू वाघमोडे अजून काठी टेकून तिथेच उभा होता. मी त्याच्याकडे गेले.

“तुमची मुलगी पहिली आली.”

“ते दिसलं,” तो म्हणाला. “पर तिनं धरलं कुनाला?”

“कुणालाच नाही. सगळ्या दमल्या, ती उरली.”

ते त्याला कळलं. मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसाला ते न कळण्यासारखं नव्हतंच. तो लेकीकडे बघत राहिला. मुलींनी तिला खांद्यावर घेतलं होतं आणि रणवरे सर “पाडाल तिला, पाडाल!” म्हणत मागे धावत होते.

“मंग नाव लागलं?” त्याने विचारलं.

“लागलं.”

त्याने फेटा सोडून पुन्हा घट्ट बांधला. घाई नव्हती, तरी ते बांधायला त्याला वेळ लागला. डोळे पुसायचे होते, ते फेट्याच्या शेवाने पुसले. मग लेकीपाशी गेला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला एवढंच म्हणाला, “तू ऱ्हा. मेंढरं आमी नेतो.”

आणि तो फाटकातून एकटाच बाहेर पडला, मान ताठ ठेवून.